शीव कोण आखणार?

बौद्ध बंधुभगिनींनो,

रायगडाच्या पायथ्याशी, महाड तालुक्यात, हिरकणीवाडी नावाची एक वस्ती आहे. गडावर जाणाऱ्या रज्जुमार्गाचे खालचे स्थानक याच वाडीत आहे. येणारा प्रवासी पाळण्यात बसतो, कड्याकडे पाहतो आणि थोड्याच वेळात गडावर पोहोचतो. वाडीकडे पाहण्याचे त्यास काही कारण पडत नाही. वाडीच्या नावामागील आख्यायिका मात्र महाराष्ट्रात लहान मुलांसही ठाऊक आहे. हिरकणी गवळण दूध घालावयास गडावर गेली. सायंकाळी दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल होते. तेव्हा काळोखात ती उभा कडा उतरून आपल्या घरी गेली. पुढे त्या जागी बुरूज बांधण्यात आला, असे सांगतात.

ही कथा आपण आईच्या मायेची कथा म्हणून ऐकत आलो आहोत. आज ती निराळ्या दृष्टीने पाहा. गड बांधणारांच्या हिशेबी त्या कड्यास वाटच नव्हती. वाट आहे, हे खाली राहणाऱ्या एका गरीब बाईस तेवढे ठाऊक होते. आणि तिचे ते ज्ञान उघड झाल्यावर त्याचा उपयोग काय झाला? तिच्यासाठी वाट बांधली गेली नाही. असलेली वाट बंद करण्यासाठी बुरूज उभा राहिला. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातला व्यवहार खरा आहे. जमिनीची खरी माहिती गरिबाजवळ असते आणि जमिनीचा आराखडा दुसराच कोणी आखतो.

या आराखड्याविषयीच आज तुमच्याशी बोलावयाचे आहे. कोणत्या जमिनीवर घर उठावे, कोणत्या जमिनीवर शेतीच राहावी, रस्ता कोठून जावा, शाळा कोठे असावी, स्मशान कोठे असावे, हे ठरविण्याचे एक शास्त्र आहे, त्याचा कायदा आहे, आणि ते काम करणारा एक सरकारी अधिकारी आहे. त्यास नगररचनाकार म्हणतात. विषय रुक्ष आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु ज्या समाजाचे घर कोठे असावे हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरविले, त्या समाजाने तरी या विषयास रुक्ष म्हणू नये.

पूर्वीचे खेडे आराखड्याविना वसले होते, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. त्या खेड्याचा आराखडा अत्यंत काटेकोर होता. देशावर गावकूस होते व त्याच्या बाहेर महारवाडा होता. कोकणात गावकूस नसले तरी वाड्या होत्या, आणि प्रत्येक वाडीस जात होती. पाणवठा कोणाचा, वाट कोणाची, मढे कोठून न्यावयाचे, हे सारे ठरलेले होते. हा आराखडा कागदावर कधीच नव्हता, म्हणूनच त्यावर हरकत घेण्याची सोय नव्हती. लिहिलेला नियम फाडता येतो. न लिहिलेला नियम माणसाच्या अंगवळणी पडतो.

यात एक क्रूर विसंगती होती, ती तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. गावाची शीव कोठून कोठवर आहे, हे गावात सर्वांत नीट महारास ठाऊक असे. शिवेची राखण त्याच्याकडे होती. दोन गावांत शिवेचा वाद पडला की त्याची साक्ष घेतली जाई आणि तो चालून शीव दाखवी. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर भूमापनाचे आणि हद्द-निश्चितीचे ज्ञान त्या काळी आपल्या पूर्वजांजवळ होते. ज्याने शीव दाखवावी त्याचे घर मात्र वस्तीबाहेर! या ज्ञानाची मजुरी म्हणून त्यास शिळ्या भाकरीचे तुकडे आणि वतनाची बेडी मिळाली. ती बेडी तोडण्यासाठी डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर झाला. वतन गेले. वतनाबरोबर ठरवून दिलेली घराची जागा मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

बाबासाहेबांस या प्रश्नाचे मर्म पूर्ण उमगले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गौरवगाथेवर जी कठोर टीका केली, ती सर्वश्रुत आहे. परंतु ते टीकेवर थांबले नव्हते. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली, आणि १९४७ साली त्यांनी राज्यघटनेसाठी जे निवेदन तयार केले त्यातही सरकारी पडीक जमिनीवर अशा वसाहती बसविण्यासाठी वसाहत आयोग नेमावा, अशी योजना त्यांनी मांडली. ती मागणी मान्य झाली नाही. पण तीमागचा विचार लक्षात घ्या. मनुष्याचे घर कोठे आहे, यावर त्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते. तेव्हा घराची जागा हा हक्काचा प्रश्न आहे, दयेचा नव्हे.

आता महाडचीच गोष्ट घ्या. तुम्ही चवदार तळ्याचा संगर दरवर्षी २० मार्च रोजी साजरा करता. त्या संगराची कागदोपत्री बाजूही तितकीच मननीय आहे. सार्वजनिक पाणवठे व जागा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात, हा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. तो तीन वर्षे दप्तरात पडून राहिला. मार्च १९२७ मध्ये हजारो पावले तळ्याकडे चालत गेली तेव्हा त्या कागदास अर्थ आला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेसाठी मंडपास जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली आणि तिच्यावर ती परिषद भरली. मनुस्मृतीचे दहन त्याच परिषदेत झाले. पुढे दावा चालला. तळे खाजगी की नगरपालिकेचे, आणि अस्पृश्यांस वगळण्याची अनादि रूढी होती काय, या प्रश्नांभोवती तो फिरला. तळे नगरपालिकेचे ठरले, रूढी सिद्ध झाली नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

या दहा वर्षांच्या लढ्यातून दोन धडे मिळतात. जमिनीच्या नोंदीत काय लिहिले आहे, यावर माणसाचा हक्क ठरू शकतो, हा पहिला. आणि नुसत्या कागदाने काही होत नाही, तो कागद हाती घेऊन उभी राहणारी माणसे लागतात, हा दुसरा. आपला समाज दुसरा धडा उत्तम शिकला. पहिला शिकावयाचा अद्याप राहिला आहे.

तुम्ही धम्मदीक्षा घेतली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेणाऱ्यांच्या वंशातील तुम्ही असा, अथवा काल-परवा बावीस प्रतिज्ञा उच्चारून या मार्गावर आलेले असा, घरात बदल झाला तो डोळ्यांना दिसतो. देव्हारा गेला, नवस-सायास गेले, लग्नाचा विधी बदलला, मुलांची नावे बदलली. पुष्कळ ठिकाणी वस्तीचे नावही बदलले. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु त्याच डिसेंबर २०२० मध्ये शासनाची दुसरी एक गोष्ट अमलात आली. मुंबई व अन्य काही क्षेत्रे वगळता बहुतेक सर्व राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. घर कोठे, केवढे आणि कशावर बांधता येईल, हे ती सांगते. पहिल्या निर्णयाची चर्चा आपल्या वस्त्यांत झाली. दुसरा किती घरांत वाचला गेला? नावाची पाटी बदलली. नकाशाकडे कोणी पाहिले नाही.

नकाशाने भिंती घालता येतात, याचा अनुभव जगाने घेतला आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्क येथे शिकत होते. त्यांच्या तेथे जाण्यापूर्वी तीनच वर्षे, १९१० साली, अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने काळ्यांनी कोणत्या रस्त्यावर राहावे व गोऱ्यांनी कोणत्या, याचा नगर-कायदा केला होता. लुइव्हिल शहराचा असाच कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली रद्द ठरविला. दक्षिण आफ्रिकेने तर १९५० साली वंशवार वस्त्यांचा कायदा करून माणसांना घरांतून उठविले. तो कायदा १९९१ साली संपुष्टात आला. परदेशी जे कायद्याच्या पुस्तकात लिहावे लागले, ते आपल्याकडे रूढीने लिहिल्यावाचून साधले होते. उलट अर्थी हेही खरे की, जी लेखणी भिंत आखते तीच लेखणी भिंत पुसूही शकते. प्रश्न लेखणी कोणाच्या हाती आहे आणि तिच्यावर कोणाची नजर आहे, एवढाच आहे.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. महाड-पोलादपूरच्या डोंगरात जमिनीचा प्रश्न जिवाचा प्रश्न आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आगबोटीने ज्या दासगावच्या बंदरात उतरले आणि जेथून महाडास निघाले, त्याच दासगावावर जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दरड कोसळली. जुई, रोहन, कोंडिवते याही गावांवर कोसळली. शंभरांहून अधिक माणसे तालुक्यात मातीखाली गेली. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, तळिये गावाच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही माणसे गेली, आणि महाड शहर सावित्रीच्या पुराखाली बुडाले. डोंगर कोसळताना जात विचारीत नाही, हे खरे. परंतु उताराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या तोंडाशी, वरकस जमिनीच्या कडेला कोणाची घरे असतात, आणि उंच, सपाट, पक्क्या जागी कोणाची असतात, हे तुमच्या गावापुरते तुम्हीच पाहा.

नियमावली सांगते की १ : ५ हून अधिक उतार असलेल्या टेकडीच्या जमिनीवर, म्हणजे पाच फूट पुढे जाताना एक फुटाहून अधिक चढ असेल तेथे, सामान्यतः बांधकाम करू देऊ नये. नदीकाठी जलसंपदा खाते दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी व निळी रेषा यांमधील पट्ट्यात बांधकामास मनाई आहे, निळ्या व लाल रेषेमधील पट्ट्यात निर्बंध आहेत. हे नियम योग्यच आहेत. परंतु नियम रेषा आखून थांबला तर गरिबावर दुहेरी संकट येते. घर धोक्यात आहे म्हणून ते वाढविता येत नाही, आणि दुसरी जागा दिलेली नाही म्हणून ते सोडताही येत नाही. यास्तव धोक्याची रेषा आखणाऱ्याने सुरक्षित जागेची रेषाही त्याच नकाशात आखली पाहिजे, ही आपली मागणी असली पाहिजे. आणि पुनर्वसनाची वसाहत आखताना जुन्या वाड्यांचा जातवार क्रम जसाच्या तसा नव्या जागी उतरवू नये, हीही आपली मागणी असली पाहिजे. डोंगराने जुने गाव पुसले असताना सरकारी खर्चाने नवा महारवाडा आखला गेला, तर त्यासारखे दुर्दैव नाही.

हिरकणीवाडी व पाचाडच्या परिसरास आणखी एक कारण आहे. रायगड हे केंद्राने संरक्षित केलेले स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यात रायगड आहे. वारसा जपावा, याबद्दल दुमत नाही. परंतु अशा स्थळाभोवती वाहनतळ, रस्ते, उपाहारगृहे, निवासगृहे येणारच, आणि त्यांची जागा कोणत्या तरी नकाशावर ठरणारच. तेव्हा गडाखाली पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांनी, ते बौद्ध असोत, धनगर असोत वा कातकरी असोत, त्या नकाशात आपले घर व आपली वाट शोधली पाहिजे. बुरूज बांधून झाल्यावर हिरकणीने तक्रार करून काय उपयोग?

कोणी म्हणेल, ‘बाबासाहेबांनी तर आम्हांस खेडी सोडण्यास सांगितले; मग खेड्याच्या नकाशात डोके का घालावे?’ ज्यास शहरात जाता येईल त्याने खुशाल जावे. परंतु शहरातही हाच प्रश्न निराळ्या रूपाने तुमच्यासमोर उभा राहतो. नाल्याकाठची झोपडपट्टी आणि गावाबाहेरची वस्ती या एकाच वृत्तीच्या दोन आकृती आहेत. आणि जे मागे राहिले, म्हातारे आईबाप, भूमिहीन भाऊ, विधवा बहीण, त्यांच्या घराची जागा कोणी पाहावयाची?

तेव्हा काय करावे, ते सांगतो. प्रथम आपली वस्ती कागदावर आहे काय, हे पाहा. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांस आहे. या हद्दीचे महत्त्व दिवसेंदिवस वाढत आहे. कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, योजनेत अनुज्ञेय असलेल्या वापरापुरती व ठरलेल्या रकमा भरल्यावर, अकृषिक झाल्याचे मानले जाते. केंद्राच्या २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून घरांना मालमत्ता पत्रके दिली जातात, तीही गावठाणातील घरांना. म्हणजे तुमची वस्ती गावठाणाच्या रेषेच्या आत आहे की बाहेर, यावर घराची मालकी, कर्ज आणि वाढीव बांधकाम अवलंबून आहे. गावकुसाबाहेर म्हणजे काय, याचा हा आजचा अर्थ! भूमि अभिलेख कार्यालयात जाऊन गावठाणाचा नकाशा मागा. तलाठ्याकडून, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, सातबारा घ्या. वस्ती बाहेर राहिली असेल तर गावठाण विस्ताराचा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह करा.

दुसरे असे की, योजना प्रसिद्ध झाली की ती वाचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा या विषयाचा मूळ कायदा आहे. शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ नुसार हरकती व सूचना देण्यास तीस दिवसांची मुदत असते, व हरकत घेणाऱ्यास नियोजन समितीपुढे आपले म्हणणे मांडता येते. ग्रामीण भागासाठी प्रादेशिक योजना असते, तीवरही हरकती मागविल्या जातात. नकाशात पिवळा रंग निवासाचा, जांभळा उद्योगाचा, हिरवा शेतीचा किंवा मोकळ्या जागेचा असतो. तुमची पन्नास घरे उभी असलेली जमीन जर नुसती हिरवी दाखविली असेल, तर त्या नकाशाच्या लेखी तुम्ही तेथे राहातच नाही. अशा वेळी आरडाओरड करून भागत नाही. गट नंबर लिहा, घरांची संख्या लिहा, वस्तीचे वय लिहा. विहीर, विहार, शाळेची वाट, स्मशानाची वाट, कड्यावरून येणारा ओढा, पावसाळ्यात पाणी कोठवर चढते, कोठे भेग पडली, हे सारे लिहा. त्यासोबत घरपट्टीच्या पावत्या जोडा आणि अर्जाची पोच घ्या. हिरकणीला जी वाट ठाऊक होती ती सरकारास ठाऊक नसते. ती तुम्हीच कागदावर उतरविली पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या मुलामुलींपैकी काहींनी हा व्यवसायच पत्करावा. डॉक्टर, वकील, शिक्षक आणि कारकून आपल्यात झाले, व्हावयासच हवेत. नगररचनाकाराचे नाव मात्र पुष्कळ घरांत ऐकिवातही नाही. राज्याचे नगररचना व मूल्यनिर्धारण खाते १९१४ पासूनचे आहे, आणि हिंदुस्थानातील पहिला नगररचना कायदा १९१५ साली याच मुंबई प्रांतात झाला. आज सहायक नगररचनाकार व नगररचनाकार यांची पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र वा नियोजन यांचे शिक्षण त्यासाठी लागते. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचा हक्क १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या कायद्यातही मान्य झालेला आहे. तेव्हा धम्म स्वीकारल्याने ही दारे बंद होतील, ही भीती मनातून काढून टाका.

या अधिकाऱ्याचे काम काय असते? तो प्रथम जागेवर जाऊन जमिनीचा सध्याचा वापर नोंदवितो, मग लोकसंख्या किती वाढेल याचा हिशेब करून शाळा, दवाखाना, बाजार, रस्ते, खेळाचे मैदान यांसाठी जागा सुचवितो, हरकतींची छाननी करतो, बांधकामाचे अर्ज नियमांशी ताडून पाहतो. ‘शेवटी सारे पुढारीच ठरवितात, अधिकारी काय करणार?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. योजनेस अंतिम मंजुरी शासनच देते, आणि मधल्या काळात आरक्षणे इकडची तिकडे होतात, हे उघड आहे. परंतु पहिली पाहणी जो करतो, तो वस्ती नोंदवितो किंवा नोंदवीत नाही. मुख्य रस्त्यावरून मोटार न वळविता जो परत जातो, त्याच्या नकाशात आतली वाडी येत नाही. आणि जी वाडी पहिल्या नकाशात नाही, तिच्याविषयी पुढे कोणी वादही घालीत नाही. चिखलातून शेवटच्या घरापर्यंत चालत जाणारा अधिकारी पुष्कळ काही करू शकतो.

मात्र एक इशारा या तरुणांस आताच दिला पाहिजे. त्या खुर्चीवर बसून आपल्या जातीपुरती रेषा झुकविणारा अधिकारी जुन्या पाटलाहून निराळा नाही. धम्माने सम्यक आजीविका सांगितली आहे. पैसे घेऊन हिरव्याचे पिवळे करणे ही चोरी आहे आणि दुसऱ्या शीलाचा भंग आहे. धनगरवाडीची वाट, कातकऱ्याचे झोपडे आणि आपली वस्ती या तिघांस एकाच मापाने मोजील, आणि सवर्णाच्या न्याय्य हरकतीसही तेवढ्याच शांतपणे ऐकेल, तोच बौद्ध अधिकारी. आपण अन्याय सोसला म्हणून अन्याय करण्याचा परवाना आपणांस मिळालेला नाही.

शेवटी, तुमच्या नव्या धर्मात या विषयास किती जुना आधार आहे, ते पाहा. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्षुसंघाने आपली सीमा कशी ठरवावी, याची रीत सांगितली आहे. डोंगर, दगड, वन, झाड, वाट, वारूळ, नदी, पाणी अशा खुणा प्रथम सांगावयाच्या. मग संघापुढे प्रस्ताव ठेवावयाचा. ज्यास ही सीमा मान्य असेल त्याने मौन धरावे, ज्यास मान्य नसेल त्याने बोलावे, असे विचारावयाचे. सर्वांसमक्ष विचारल्यावाचून सीमा होत नाही. मनूच्या गावात शीव आणि पायरी जन्माने ठरली. तथागतांच्या संघात सीमा विचारून ठरली. संघाच्या या कार्यपद्धतीचा अभिमानाने उल्लेख बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केला होता.

परंतु त्या रीतीतला एक शब्द विसरू नका. संघात मौन म्हणजे संमती. आजच्या नगररचनेच्या कायद्यातही व्यवहारतः तेच आहे. तीस दिवसांत जो बोलला नाही त्याने मान्य केले, असे धरून नकाशा पुढे जातो. आपल्या पूर्वजांस बोलण्याची मुभा नव्हती, त्यांचे मौन लादलेले होते. तुमच्यावर मौन कोणी लादलेले नाही.

येत्या पौर्णिमेस विहारात वंदना झाल्यावर घरी जाण्याची घाई करू नका. गावच्या गावठाणाचा नकाशा मध्ये पसरा. म्हाताऱ्यांस जुन्या वाटा, झरे व पडलेल्या दरडी विचारा, आणि शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती पेन्सिल देऊन त्या तिच्याकडून नकाशावर मांडून घ्या. शीव दाखविणे हे आपल्या घराण्यांचे जुने काम आहे. पूर्वी ती दुसऱ्यांसाठी दाखविली. आता ती सर्वांसाठी, आणि सर्वांस विचारून आखावयाची आहे.

जय भीम!